करवत कुठे टेकवायची?

2008 साली बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाच्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कंबरेच्या हाडाची, म्हणजे पेल्व्हिसची, एकसारखी प्लॅस्टिकची प्रतिरूपे घेतली. त्यांवर कर्करोगाची गाठ कुठे आहे ते ठरवून दिले आणि या शस्त्रक्रियेत मुरलेल्या चार सर्जनना ती कापून काढायला सांगितले. अट अशी की गाठीच्या कडेपासून 10 मिलिमीटर निरोगी हाड चहूबाजूंनी सोबत आले पाहिजे; 5 मिलिमीटर कमी-जास्त झाले तरी चालेल. रक्तस्राव नाही, आड येणारे स्नायू नाहीत, घड्याळाचा धाक नाही. तरीही ही अट पाळली जाण्याची शक्यता निघाली 52 टक्के.

याचा दोष त्या चौघांच्या हातांना देता येत नाही. हाडातली गाठ बाहेरून दिसतच नाही. ती बहुधा हाडाच्या पोकळीत, मज्जेत पसरलेली असते आणि सर्जनसमोर असतो फक्त हाडाचा पांढुरका पृष्ठभाग. गाठ कुठवर गेली आहे हे एमआरआयच्या चित्रांत असते आणि ती चित्रे भिंतीवरच्या पडद्यावर लटकलेली असतात. सर्जन ती मनात साठवतो, त्यांची मनातच घडी घालून त्रिमिती आकृती उभी करतो, सांध्याच्या रेषेपासून पट्टीने अंतर मोजतो आणि करवत टेकवतो. मांडीच्या सरळ नळीसारख्या हाडात हे बऱ्यापैकी जमते. पेल्व्हिससारख्या वळणावळणाच्या हाडात, किंवा सांध्याला अगदी खेटून कापायचे असते तेव्हा, नुसत्या मनातल्या चित्रावर भागत नाही. चित्र आणि हाड यांच्यामधले हे अंतर मिटवण्यासाठी गेल्या वीस वर्षांत जी साधने आली, त्यांची ओळख या प्रकरणात करून घ्यायची आहे. त्याचबरोबर ही साधने कामी यायची तर वाशिमसारख्या जिल्ह्यात, मुंबईपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, आधी काय घडले पाहिजे, तेही पाहायचे आहे.

एका सेंटिमीटरचे मोल

हाडात सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी मुलांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तो प्रामुख्याने 10 ते 20 या वयात येतो, जेव्हा मूल झपाट्याने उंच होत असते. त्याच्या आवडत्या जागाही वाढीच्याच: मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीचे वरचे टोक, दंडाच्या हाडाचे वरचे टोक. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा तो गुडघ्याभोवतीच सापडतो. त्याखालोखाल मुलांत दिसतो तो युइंग सार्कोमा. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी 1921 साली त्याचे वर्णन केले. मोठ्या वयात कॉन्ड्रोसार्कोमा येतो. त्याच्यावर केमोथेरपी आणि किरणोपचार यांची मात्रा फारशी चालत नाही. तिथे सगळी भिस्त सर्जनच्या कापावरच असते.

1970 च्या दशकापर्यंत ऑस्टिओसार्कोमा झाला की पाय कापणे हाच इलाज होता. पाय कापूनही पाचांतला जेमतेम एक रुग्ण वाचे, कारण निदान होईपर्यंत रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसांत पोचलेले असत. मग मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन ही औषधे आली. रोग दुसरीकडे पसरलेला नसेल, तर आज दहांपैकी सहा-सात मुले बरी होतात. औषधांनी जीव वाचू लागला, तसा पाय वाचवण्याचा प्रश्न पुढे आला. एमआरआयमुळे गाठीची हद्द कळू लागली, पोलादी आणि टायटॅनियमचे कृत्रिम सांधे आले, आणि बहुतेक रुग्णांत अवयव राखून गाठ काढणे शक्य झाले.

पण पाय राखायचा तर गाठीचा एक कणही मागे राहून चालत नाही. विल्यम एनेकिंग या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने 1980 साली याची जी मांडणी केली, तीच आजही वापरतात. करवत गाठीतूनच गेली तर सर्वांत वाईट. गाठीभोवतीच्या सुजलेल्या पापुद्र्यातून गेली तरी धोका. गाठ निरोगी ऊतींच्या वेष्टनासकट, न उघडता, अखंड बाहेर आली तरच तो कर्करोगाचा खरा कापा. गाठ फुटली किंवा काठावर राहिली, तर त्याच जागी ती पुन्हा उगवते आणि तेव्हा पाय वाचवणे कठीण होऊन बसते.

मग सरळ चार-पाच सेंटिमीटर जास्तच का कापू नये? मांडीच्या हाडाची सुमारे 70 टक्के वाढ त्याच्या खालच्या टोकाजवळच्या वाढपट्टीतून होते. बारा वर्षांच्या मुलाची ती पट्टी गेली, तर तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहणार. सांध्याचा भाग गेला, तर कृत्रिम गुडघा बसवावा लागणार, आणि पुढे साठ वर्षे जगणाऱ्या मुलाला तो आयुष्यात अनेकदा बदलावा लागणार. पेल्व्हिसमध्ये एक सेंटिमीटर पलीकडे पायाकडे जाणारी मोठी नस असू शकते. कमी कापले तर रोग राहतो, जास्त कापले तर पाय जातो. सर्जनला या दोन नुकसानींमधून वाट काढायची असते, आणि ती वाट काही ठिकाणी बोटभरही रुंद नसते.

नकाशा आणि खूणदगड

या साधनांतले पहिले म्हणजे कॉम्प्युटर नेव्हिगेशन, म्हणजे संगणकाने हत्याराला वाट दाखवणे. ते आधी मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांत रुळले. पेल्व्हिसच्या गाठींसाठी ते वापरल्याचे अनुभव 2004 साली जर्मनीतून प्रसिद्ध झाले. हाँगकाँगमध्ये क्वोक-चुएन वाँग, शेखर कुम्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली सीटी आणि एमआरआय एकत्र करून हाड कापण्याची आणि त्याच मापाचा कृत्रिम भाग बसवण्याची पद्धत मांडली.

तयारी शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू होते. रुग्णाचा सीटी स्कॅन एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांत घेतात. त्यात हाडाचा आकार नेमका उमटतो. एमआरआयमध्ये मज्जेतली गाठ दिसते. संगणकावर दोन्ही एकमेकांवर बसवतात. मग सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट शेजारी बसून प्रत्येक कापावर गाठीची कड रंगवत जातात. हे काम किचकट असते, कारण गाठ कुठे संपते आणि भोवतालची नुसती सूज कुठे सुरू होते, हे ओळखायला अनुभवी नजर लागते. रंगवून झाले की पडद्यावर रुग्णाचेच हाड उभे राहते. त्यात गाठ एका रंगात आणि करवतीचे नियोजित कापे पातळ पाट्यांसारखे दुसऱ्या रंगात दिसतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये हाड उघडे केल्यावर कापायच्या जागेपासून थोडे दूर दोन पिना घट्ट बसवतात. त्यांवर एक छोटी चौकट आणि चौकटीवर प्रकाश परतवणारे गोळे असतात. टेबलापासून काही अंतरावर उभा असलेला इन्फ्रारेड कॅमेरा हे गोळे सतत पाहत राहतो. तसेच गोळे सर्जनच्या हातातल्या टोकदार सळईवर आणि छिन्नीवरही असतात. म्हणून हाड कुठे आहे आणि हत्यार कुठे आहे, हे संगणकाला क्षणोक्षणी कळते.

पण संगणकातले हाड आणि टेबलावरचे हाड एकच आहे, हे त्याला कसे कळणार? इथे शेताच्या मोजणीची आठवण व्हावी. भूमापक तालुक्याहून नकाशा घेऊन येतो, पण गावातला जुना खूणदगड सापडून तो नकाशाशी जुळल्याशिवाय धुरा कुठून जातो हे त्याला सांगता येत नाही; खूणदगड चुकला, तर नकाशा कितीही अचूक असला तरी धुरा शेजाऱ्याच्या वावरात पडतो. सर्जनही तसेच करतो. हाडावरचे उंचवटे, कंगोरे, खाचा सळईने एकेक करून टेकवतो आणि संगणकाला सांगतो, हा बिंदू म्हणजे चित्रातला तो बिंदू. मग हाडाच्या पृष्ठभागावर सळई फिरवून आणखी कितीतरी बिंदू देतो. संगणक सगळे जुळवून चूक किती उरली ते सांगतो आणि ती एक मिलिमीटरच्या आसपास यावी लागते. एवढ्यावर शहाणा सर्जन विसंबत नाही. ओळखीच्या एका कंगोऱ्यावर सळई टेकवून पडद्यावरही ती तिथेच दिसते का, हे तो पाहतो, आणि कापताना मध्येमध्ये पुन्हा पाहतो.

आता सळईचे टोक हाडावर जिथे टेकेल, तिथे आत काय आहे ते पडद्यावर दिसते: इथून गाठ 14 मिलिमीटर, इथून 9. सर्जन कापाच्या रेषेवर खुणा करतो, छिन्नीचा कोन पडद्यावरच्या पाटीशी जुळवतो आणि मग कापतो.

आकडे काय सांगतात

लूव्हाँच्याच गटाने पुढे 2013 साली 23 जणांकडून असाच प्रयोग करून घेतला. त्यांत ज्येष्ठही होते, शिकाऊही. नुसत्या नजरेने कापताना ठरलेल्या जागेपासून सरासरी सुमारे 11 मिलिमीटर चूक होत होती. नेव्हिगेशनने ती 3 मिलिमीटरच्या आत आली.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून आला. पेल्व्हिस आणि माकडहाडावरच्या त्रिकास्थीतल्या गाठींच्या शस्त्रक्रिया ली जेज आणि सहकाऱ्यांनी नेव्हिगेशनने केल्या. त्यांच्याच रुग्णालयात पूर्वी अशा शस्त्रक्रियांत हाडाचा कापा गाठीतून जाण्याचे प्रमाण 29 टक्के होते. ते 9 टक्क्यांच्या खाली आले. रुग्णसंख्या थोडी होती आणि तुलना जुन्या नोंदींशी होती, हे लक्षात ठेवायला हवे. हाडाचे कर्करोग इतके विरळ असतात की हजारो रुग्णांचे अभ्यास या क्षेत्रात सहसा होत नाहीत. तरी सगळ्या पुराव्याची दिशा एकच आहे.

नेव्हिगेशनची एक अडचण सर्जन हमखास सांगतात: हात इथे आणि डोळे तिकडे, पडद्यावर. ऑगमेंटेड रिॲलिटी त्यावर उपाय शोधते. टॅब्लेटच्या कॅमेऱ्यातून किंवा डोळ्यांवरच्या चष्म्यातून पाहिले की आतली गाठ आणि कापायची रेषा खुद्द हाडावरच उमटलेली दिसते. कोरियातल्या संशोधकांनी 2017 साली डुकराच्या मांडीच्या हाडांवर हे तपासले. 10 मिलिमीटरचे अंतर, 3 मिलिमीटरच्या सवलतीसह, नेहमीच्या पद्धतीत 70.7 टक्के वेळा साधले. टॅब्लेटच्या मदतीने 90.2 टक्के वेळा. तंत्र तरुण आहे, पण वाट आशेची आहे.

तिसरा मार्ग आपल्या परिस्थितीत विशेष मोलाचा आहे. संगणकावर ठरवलेल्या कापानुसार रुग्णाच्या हाडावर चपखल बसेल असा साचा थ्री-डी प्रिंटरवर छापायचा. साच्याला करवतीसाठी फट ठेवलेली असते. सर्जन हाडाचा तेवढा भाग स्वच्छ करतो, साचा बसवतो, पिनांनी आवळतो आणि फटीतून करवत चालवतो. थिएटरमध्ये कॅमेरा नको, महागडे यंत्र नको. सगळी अक्कल आधीच साच्यात ओतलेली असते. मात्र साचा हाडावर एकाच जागी, एकाच तऱ्हेने बसला पाहिजे आणि गाठ मऊ भागात बाहेर आलेली असेल तिथे त्याला टेकायला जागा मिळत नाही.

यंत्राला काय दिसत नाही

पिनांवरची चौकट कोणाच्या कोपराचा धक्का लागून जराशी हलली, तरी पुढचे सगळे आकडे चुकतात, आणि पडदा मात्र तितक्याच ठामपणे ते दाखवत राहतो. नेव्हिगेशन हाडाचे असते. हाडाबाहेर स्नायूंत आलेली गाठ, शेजारची रक्तवाहिनी, नस हे हात आणि डोळ्यांनीच सांभाळावे लागते. केमोथेरपीनंतर गाठ बदलते, म्हणून नियोजन ताज्या स्कॅनवरच करावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रंगवताना गाठीची कड चुकली, तर यंत्र ती चूक मिलिमीटरच्या अचूकतेने पार पाडते.

म्हणून शेवटचा शब्द विकृतिशास्त्रज्ञाचा असतो. काढलेले हाड उभे चिरून, तुकड्यातुकड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. कड स्वच्छ आहे का आणि केमोने गाठीतल्या किती पेशी मेल्या, हे पाहतात. 90 टक्क्यांहून अधिक मेल्या असतील, तर पुढचा काळ बरा जाण्याची आशा वाढते.

परळची परंपरा

महाराष्ट्रातल्या हाडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला शेवटी बहुधा एकच पत्ता सांगितला जातो: परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय. 28 फेब्रुवारी 1941 रोजी ते सुरू झाले आणि 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथल्या अस्थिकर्करोग विभागाने परदेशी तंत्राची नुसती नक्कल केली नाही, आपल्या रुग्णाला परवडेल असे मार्ग शोधले. आयात केलेल्या मोठ्या कृत्रिम सांध्याची किंमत लाखांत जाते; म्हणून टाटा, आयआयटी मुंबई आणि हैदराबादची एनएफटीडीसी ही संस्था यांनी मिळून गाठीच्या रुग्णांसाठी देशी गुडघा घडवण्याचे काम केले.

त्याहून विलक्षण पद्धत म्हणजे रुग्णाचेच हाड परत वापरणे. गाठ मांडीच्या किंवा नडगीच्या मधल्या भागात असेल, तर तेवढा तुकडा कापून बाहेर काढतात, गाठीचे मऊ भाग खरवडून टाकतात, निर्जंतुक वेष्टनात बांधून किरणोपचार यंत्राखाली नेतात आणि एकाच वेळी 50 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) इतकी मात्रा देतात. कर्करोगाची पेशी त्यातून वाचत नाही. मग तोच तुकडा परत आणून पट्ट्या-स्क्रूंनी जागेवर बसवतात आणि पुढे दोन्ही टोकांशी तो हळूहळू सांधतो. हाड रुग्णाचेच असल्याने मापाचा प्रश्न उरत नाही. अशा शस्त्रक्रियेत कापा जितका नेमका, तितके सांध्याजवळचे निरोगी हाड पट्टी बसवायला शिल्लक राहते.

वाटेची पहिली पायरी

आता वाशिमकडे येऊ. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11,97,160. ऑस्टिओसार्कोमा साधारणपणे दर दहा लाखांमागे वर्षाला तीन ते चार जणांना होतो. या हिशोबाने जिल्ह्यात वर्षाकाठी चार-पाच रुग्ण निघावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला पूर्ण नोकरीत असा एखादाच रुग्ण भेटेल, किंवा भेटणारही नाही. ओळख पटायला उशीर होतो तो यामुळेच.

गुडघा दुखतो म्हणणारे पोर घरात नवे नसते. खेळताना पडले असेल, मुका मार असेल, वाढीचे दुखणे असेल. हळदीचा लेप लागतो, मालिश होते, हाडवैद्याकडे नेतात, गोळ्या-इंजेक्शने होतात. त्यात दोन-तीन महिने जातात आणि एवढ्यात गाठ सेंटिमीटरांनी वाढते. नेव्हिगेशनने मिळवलेले मोजके मिलिमीटर या एका उशिरात कितीतरी पटीने गमावले जातात.

काही खुणा मात्र स्पष्ट असतात. साधा मार दोन-तीन आठवड्यांत उतरत जातो; हे दुखणे वाढत जाते. मूल रात्री दुखण्याने जागे होते. सूज कठीण असते आणि आठवड्यागणिक मोठी होते. क्षुल्लक धक्क्याने हाड मोडते. अशा वेळी त्या जागेचा समोरून आणि बाजूने असा दोन दिशांनी साधा एक्स-रे काढावा. त्यात हाडाची कड कुरतडल्यासारखी दिसली, हाडाबाहेर सूर्यकिरणांसारख्या रेघा फाकलेल्या दिसल्या किंवा हाडावरचे आवरण तंबूच्या कोपऱ्यासारखे उचललेले दिसले, तर पुढे थांबायचे कारण नाही. हा एक्स-रे तालुक्याच्या गावी निघतो आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.

दुसरी पायरी याहून नाजूक. गाठ दिसली की तिचा तुकडा लगेच काढून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. बायोप्सीची सुई किंवा सुरी ज्या मार्गाने जाते, त्या मार्गावर गाठीच्या पेशी सांडतात; म्हणून मुख्य शस्त्रक्रियेत तो सगळा मार्ग गाठीसोबत कापून काढावा लागतो. चीर आडवी घेतली, भलत्या स्नायूतून घेतली किंवा आत रक्त साचले, तर वाचू शकणारा पाय कापावा लागतो. अमेरिकेत हेन्री मॅनकिन आणि सहकाऱ्यांनी 1982 साली 329 रुग्णांची छाननी केली, तेव्हा निदानातल्या मोठ्या चुका 18.2 टक्के आढळल्या आणि 4.5 टक्के रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सीतल्या गडबडीमुळे गेला. जिथे अंतिम शस्त्रक्रिया होणार, तिथेच बायोप्सी व्हावी, हा नियम त्यानंतर जगभर रुजला. नंतर कितीही चांगले यंत्र आले, तरी चुकीच्या जागी घेतलेली चीर त्याला पुसता येत नाही.

हे सगळे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. वाशिमला 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अकोला जवळ आहे आणि नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहेत. समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च भागतो. मुंबईत महिनोन्महिने राहण्याची वेळ आली, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. विदर्भातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाचा हा आसरा.

परत आल्यावरची वाटही टाटाच्याच एका अभ्यासाने सोपी केली आहे. अजय पुरी, आशिष गुलिया, राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी 500 सार्कोमा रुग्णांवर शस्त्रक्रियेनंतर पाठपुराव्याचे प्रकार ताडून पाहिले. रोग फुप्फुसांत उतरला का हे पाहण्यासाठी महागडा सीटी स्कॅन आणि साधा छातीचा एक्स-रे यांत रुग्ण जगण्याच्या बाबतीत एक्स-रे कमी पडला नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ रिसोड किंवा मानोऱ्याच्या कुटुंबाला चटकन कळेल: पाठपुराव्यातली बरीच तपासणी गावाजवळ होऊ शकते. फक्त डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवायची नाही.

नेव्हिगेशनचा कॅमेरा, डोळ्यांवरचा चष्मा, प्रिंटरमधून निघालेला साचा ही सगळी साधने एकाच गोष्टीसाठी आहेत: जे सर्जनला दिसत नाही ते त्याला दाखवणे. ती मोठ्या शहरांतच राहणार, कारण अशी शस्त्रक्रिया वर्षात शेकड्यांनी करणाऱ्या हातांतच ती शोभतात. पण न दिसणारी गाठ पहिल्यांदा दाखवण्याचे काम तालुक्याच्या एक्स-रे यंत्राचे आहे, आणि मुलाला त्या यंत्रापर्यंत नेण्याचे काम आई-बापाचे, शाळेतल्या सरांचे, आशाताईंचे. गुडघ्याचे दुखणे तीन आठवड्यांत उतरले नाही, रात्री झोप मोडू लागली, तर लेप आणि मालिश थांबवून एक्स-रे काढावा. गाठीचा संशय आला, तर तिथे चीर न देता मुलाला मोठ्या केंद्रात पाठवावे. वाशिमच्या मुलाचा पाय वाचणार की नाही, हे मुंबईतली करवत ठरवते त्याआधीच निम्मे ठरलेले असते, आणि ते निम्मे आपल्या हातात आहे.